याकितोरी बांधून न्यावी की तिथेच खावी?

गवती चहा | मंगळवार, रात्री

नमस्कार मंडळी, तोक्योहून लिहितेय. नवरा, नऊ वर्षांचा मुलगा, सासूबाई आणि मी असे चौघे बारा दिवसांसाठी आलोय. सासूबाई पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

काल संध्याकाळी उएनोजवळ आमच्या हॉटेलामागच्या गल्लीत एक कोंबडीवाला सापडला. आत कच्ची कोंबडी विकायला आणि रस्त्याकडच्या खिडकीत लांबट शेगडी. तिच्यावर एक काका काड्यांना टोचलेले कोंबडीचे तुकडे, म्हणजेच याकितोरी, भाजत उभे होते. बसायला जागा नाही. सायकलवरून बायका येत होत्या, पाच-सहा काड्या बांधून घेऊन जात होत्या. वास असा की पोरगं चालता चालता थांबलंच.

पाटी सगळी जपानीत. मोबाइलचा कॅमेरा धरला तर भाषांतर आलं: नदी, तरफ, वाळूचं काळीज. नवरा म्हणाला, हा मेनू आहे की सातवीचं भूगोल-विज्ञान? शेवटी बोटं दाखवून सहा काड्या घेतल्या. काकांनी काहीतरी विचारलं, मी ‘हाय’ (जपानीत ‘हो’) म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा ‘हाय’. मग ते हसले आणि सगळ्या काड्या एका काळ्या सॉसच्या मडक्यात बुडवून दिल्या.

वाटेत सासूबाईंसाठी केळी आणि दही शोधलं, खोलीत येऊन हातपाय धुतले, यात पाऊण तास गेला. पुडी उघडली. कांद्याची पात लावलेली काडी गार होऊनही छान लागली. पण ‘नदी’ म्हणजे निघाली कोंबडीची कातडी, आणि ती झाली होती सायकलची ट्यूब.

तर प्रश्न असा: याकितोरी पार्सल आणणं हाच मूर्खपणा आहे का? लाल कंदिलांच्या बारमध्ये लेकरू आणि सासूबाईंना घेऊन बसणं जमणार नाही, धूर फार. मग काय मागवावं, गरम कसं करावं? आणि सासूबाईंसाठी काडीवरचं काही मिळेल का? परवा हाकोदातेला जाणार आहोत, तिथलंही सांगा.

---

शिळोप्या

फोटो नाही तर धागा फाऊल.

---

निशिकासाईकर

इथे चौदा वर्षं काढली आहेत, त्यामुळे हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. सविस्तर लिहितो.

आधी तुमचा भूगोल सोडवू. कावा म्हणजे नदी आणि कावा म्हणजे कातडीही. पाटीवर ते नुसत्या उच्चारी लिपीत लिहिलेलं असतं, म्हणून यंत्र गडबडतं. तरफ म्हणजे रेबा, काळीज. इंग्रजी ‘लिव्हर’ (तरफेवाला) आणि हे काळीज जपानीत अगदी एकसारखं लिहितात. वाळूचं काळीज म्हणजे सुनागिमो, आपल्याकडचा पेटा (कोंबडीची जठराची पिशवी). बाकी मोमो म्हणजे मांडी, हात्सु म्हणजे हृदय (हे इंग्रजी ‘हार्ट्स’वरून आलं), त्सुकुने म्हणजे खिम्याचे गोळे, बोनजिरी म्हणजे शेपटीचा चरबीदार शेंडा, नानकोत्सु म्हणजे कूर्चा. तुम्हाला आवडलेली ती नेगिमा.

काकांनी विचारलं असणार, “तारे की शिओ?” तारे म्हणजे सोया सॉस, साके (तांदळाची दारू), मिरिन (तिचाच गोड प्रकार) आणि साखर आटवून केलेला गोडसर रस. शिओ म्हणजे नुसतं मीठ. दोन्हींना ‘हाय’ म्हटल्यावर काका तरी काय करणार!

पार्सलला ‘मोचिकाएरी’ म्हणतात. “मोचिकाएरी दे ओनेगाइशिमास” एवढं म्हटलं की झालं. १ ऑक्टोबर २०१९ पासून उपभोग कर १० टक्के झाला, पण घरी नेण्याच्या खाण्यावर ८ टक्केच राहिला. म्हणजे सरकारसुद्धा तुमच्या बाजूने आहे.

आता मूळ मुद्दा. नेताना तारे घ्यावी, शिओ नको. मिठाची काडी गार झाली की तिच्यात सांगण्यासारखं काही उरत नाही. तारेचा थर मात्र मांसाला धरून राहतो, ओलावाही टिकतो. मोमो, नेगिमा, त्सुकुने हे नेण्याचे प्रकार. कावा, बोनजिरी, सुनागिमो हे शेगडीसमोर उभं राहून खायचे. कातडीचा कुरकुरीतपणा पाच मिनिटांचा पाहुणा असतो. पुडीत कोंडली की वाफेने मेलीच. आणि पुडीचं तोंड थोडं उघडं ठेवा. आपण गरम भजी डब्यात झाकून ठेवतो का?

---

बोरूबहाद्दर

निशिकासाईकरांचा आदर ठेवून असहमत.

याकितोरी हा पदार्थ नाही, तो क्षण आहे. समोर माणूस पंख्याने निखारे फुलवतोय, काडी फिरवतोय, चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडून धूर वर येतोय आणि तो धूर मांसाला लागतोय. चांगल्या ठिकाणी बिन्चोतान वापरतात, वाकायामाकडचा ओकच्या जातीच्या झाडाचा कोळसा. एकमेकांवर आपटला तर धातूसारखा वाजतो, धूर जवळजवळ करत नाही आणि भडका न होता तासन्‌तास धगधगतो. एवढा खटाटोप कशासाठी? काडी तुमच्यापुढे आली की त्याच मिनिटाला खावी म्हणून. ती प्लास्टिकच्या डब्यात घालून हॉटेलच्या पलंगावर बसून खाणं म्हणजे पाणीपुरी पार्सल नेणं.

---

तिरफळ

@बोरूबहाद्दर, आमच्याकडे पाणीपुरी पार्सल नेतात. पुऱ्या वेगळ्या, पाणी वेगळं, आणि संसार सुखाचा आहे. (हलके घ्या.)

---

पाटावरवंटा

बोरूबहाद्दर, ‘तो क्षण आहे’ वगैरे वाचून गहिवरलो, पण इतिहास तुमच्या बाजूने नाही.

इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मूने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर बंदी घातली होती. लोक अर्थातच पुढे काहीबाही खात राहिले, तरी कोंबडी काही रोजचं खाणं नव्हतं. काडीला लावून भाजायचे ते रानपक्षी. देवळांबाहेर चिमण्या भाजून विकायचे. क्योतोच्या फुशिमी इनारीबाहेरच्या भाजलेल्या चिमण्या तर प्रसिद्धच आहेत. इनारी ही भाताची देवता आणि चिमण्या भात खातात, म्हणून तिच्या दारात त्यांना ही शिक्षा! पुढे रस्त्यावरच्या गाड्यांवर कोंबडीचे उरलेसुरले भाग, आतडी, काळीज यांना तारे लावून गरिबांना विकायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर काळ्या बाजारातल्या टपऱ्या आल्या. मग ब्रॉयलर कोंबड्या आल्या आणि हे सगळं स्वस्त झालं. सांगायचा मुद्दा, हा मुळात देवळाबाहेरचा, रस्त्यावरचा खाऊ. काउंटर, पांढरी टोपी आणि पंधरा पदार्थांचा ठरलेला क्रम हे सगळं फार नंतरचं.

धागाकर्तीने पाहिलेल्या त्या सायकलवाल्या बायकाच खऱ्या स्थानिक गिऱ्हाईक. संध्याकाळी घरी भात तयार असतो, जाताना सहा काड्या घ्यायच्या. आपण नाही का कोपऱ्यावरून फरसाण नेत.

---

बोरूबहाद्दर

चिमण्यांचा मुद्दा मान्य. ट्यूबचा मुद्दा अजून उभा आहे.

---

डॉ. खलबत्ता

सगळे चवीवर बोलताहेत, म्हणून थोडं कडू बोलतो. सोबत लहान मूल आणि ज्येष्ठ आहेत.

कोंबडी आहे, खोलीच्या तापमानात फार वेळ ठेवू नका. दोन तासांच्या आत खावी, नाहीतर फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी खायची तर नुसती कोमट करून नाही, आतपर्यंत कडकडीत. जपानी आरोग्य खात्याचं सांगणंही तेच आहे: मांसाच्या मध्यभागी ७५ अंश सेल्सियस, निदान एक मिनिट. तिथे काही ठिकाणी कोंबडी मुद्दाम अर्धी कच्ची ठेवतात. कागोशिमा, मियाझाकीकडे तर कच्ची खायची परंपराच आहे. तरीही कॅम्पायलोबॅक्टर या जिवाणूच्या अन्नविषबाधा तिथे दरवर्षी होतात. त्सुकुने मोडून पाहा. आत गुलाबी आणि लिबलिबीत असेल तर मुलाला देऊ नका.

बाकी काळीज खुशाल खा, लोह मिळेल.

---

शिळोप्या

डॉक्टर, तुमच्या प्रतिसादानंतर माझी दुपारची बिर्याणी मला विचारतेय, “माझं तापमान पाहिलंस का?”

---

उपासतापास

सासूबाईंच्या वतीने मी बोलते. नऊ दिवस जपान केलंय, शाकाहारी राहून.

शेगडीवर भाज्यांच्याही काड्या असतात: शिशितो म्हणजे छोट्या हिरव्या मिरच्या (बहुतेक सौम्य, पण दहातली एखादी कान लाल करते), शिइताके अळंबी, नेगी (कांद्याची जाड पात), गिंकोच्या बिया. पण दोन अडचणी. एक, शेगडी तीच. दोन, तारेच्या मडक्यात दिवसभर कोंबडीच्या काड्या बुचकळून निघालेल्या असतात. ते मडकं पूर्ण रिकामं न करता त्यातच नवा रस ओततात, आणि जुन्या दुकानांना त्याचाच अभिमान असतो. त्यामुळे ज्यांना हे चालत नाही त्यांनी याकितोरीवाल्याकडे भाजीसुद्धा घेऊ नये. शिवाय चेरी टोमॅटो किंवा शतावरीच्या काडीभोवती बेकन गुंडाळलेलं असतं, ते नीट पाहून घ्या.

काडीवरचंच हवं असेल तर मिताराशी दांगो. तांदळाच्या पिठाचे वाफवलेले गोळे भाजून त्यावर सोया-साखरेचा चिकट रस. उकडीच्या मोदकाची पारी कुणी काडीवर ओवली तर कशी लागेल, तसं. रसात मासळीचा दाशी (उकळून काढलेला अर्क) आहे का एवढं मात्र विचारा, काही ठिकाणी घालतात. ताकायामाला गेलात तर तिथला दांगो गोड नसतो, खारा असतो. त्या डोंगराळ भागात गोहेइ मोचीही मिळते, चेचलेला भात काडीवर थापून, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) आणि अक्रोडाचं वाटण लावून भाजलेली. तिथेही दाशीचा प्रश्न विचाराच.

आणि आता नोव्हेंबर आहे, म्हणजे याकिइमो! भाजलेलं रताळं. सुपरमार्केटच्या दारातच गरम खड्यांवर ठेवलेली असतात, कागदी पिशवीत घालून देतात. पार्सल करून अजिबात बिघडत नाही, उलट मुरतं.

---

गवती चहा

उपासतापास, तुम्हाला साष्टांग दंडवत! आज कार्तिकी एकादशी. सासूबाई सकाळपासून केळ्यावर होत्या. दुपारी रताळं दिलं तर म्हणाल्या, “इतकं गोड रताळं मी जन्मात खाल्लं नाही, यांनी गूळ घातलाय का बघ.” दोन संपवली. जपानी लोक किती सात्त्विक आहेत यावर आता आमचं बौद्धिक चालू आहे. शेजारीच शेगडीवर काय चाललंय ते मी सांगितलेलं नाही.

---

कोकमसार

अवांतर: मला ती तारे भयंकर गोड लागते बुवा. पहिल्या काडीला छान, तिसऱ्या काडीला चुकून जिलबीच्या पाकात पडलेली कोंबडी. मी शिचिमी (सात मसाल्यांची पूड, मिरची, तीळ, संत्र्याची साल वगैरे) भरभरून घालतो. दक्षिणेकडच्या क्युशू बेटाची युझुकोशो मिळाली तर सोडू नका. युझू या लिंबासारख्या फळाची साल, हिरवी मिरची आणि मीठ कुटून केलेली. डोळे मिटून खाल्ली तर लिंबाच्या सालीचा ठेचा.

---

दुधगंगा

मी घरचा कोल्हापुरी ठेचा नेलेला. एका उपनगरात टपरीवाल्या आजोबांना चाखायला दिला. ते दोन मिनिटं गप्प. मग पाणी प्यायले. मग पुन्हा बोट बुडवलं. येताना एक काडी फुकट!

---

निशिकासाईकर

काड्या मोजण्याबद्दल लिहायचं राहिलं. लांबट वस्तूंना ‘होन’ लावतात, पण आकड्याप्रमाणे त्याचा सूर बदलतो: इप्पोन, निहोन, सान्बोन, योन्होन, गोहोन, रोप्पोन. कधी होन, कधी बोन, कधी पोन. आपल्या शिवकालीन होनाशी संबंध नाही, पण काड्यांच्या किमती बघता जोडायला हरकत नाही. टपरीवर एक काडी दीडशे-दोनशे येनच्या घरात पडते. चुकलं तरी कुणी हसत नाही. मी पहिलं वर्ष बोटांवर काढलं.

स्वस्तात हवी असेल तर मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरचं तळघर गाठा, देपाचिका. दुकान बंद व्हायच्या तासभर आधीपासून तयार खाण्यावर सवलतीची चिकटपत्रं लागतात. अर्ध्या किमतीच्या चिकटपत्राला ‘हान्गाकु’ म्हणतात. ते लावणाऱ्या माणसामागे आमच्या इथल्या आज्या ज्या शिस्तीत सरकतात ती पाहण्यासारखी. कुणी पळत नाही, कुणी ढकलत नाही, पण ट्रे मात्र गायब.

गरम करायचं तर बऱ्याच बिझनेस हॉटेलांत मजल्यावर किंवा तळाशी मायक्रोवेव्ह असतो. वर ओला टिश्यू टाकून वीस-तीस सेकंद, एवढं ताज्या कोमट काड्यांना पुरतं. फ्रिजमधून काढलेल्या असतील तर डॉक्टर म्हणतात तसं वाफा येईपर्यंत. घरी मी टोस्टर ओव्हनमध्ये घालतो, फक्त काडीच्या उघड्या टोकांना फॉइल गुंडाळतो. नाहीतर आधी काडी भाजते, मग मांस.

---

रानजाई

कुठे खाता याकडे लक्ष द्या बरं. चालता चालता खाणं तिथे फारसं बरं दिसत नाही. कामाकुराने तर २०१९ साली गर्दीत चालत खाऊन इतरांना त्रास देऊ नका असा नियमच केला (दंड नाही, विनंती). क्योतोच्या निशिकी बाजारातही तशा पाट्या आहेत. आणि कचऱ्याचे डबे सापडत नाहीत. मी एकदा रस्साळलेली पुडी आणि चार काड्या पर्समध्ये घेऊन तीन तास फिरले. घेतलं त्या दुकानासमोरच खावं, काड्या त्यांनाच द्याव्यात, हे उत्तम.

एनोशिमाला मी हे शहाणपण न दाखवता समुद्राकडे तोंड करून बाकावर बसले. हातात त्सुकुनेची काडी, पहिला घास घ्यायचा होता. डोक्यामागून फडफड झाली आणि हातात नुसती काडी उरली! घार. तिथे तशा सूचनेच्या पाट्या आहेत, चित्रासकट. मी त्या पाटीचा फोटोही काढला होता, दहा मिनिटं आधी.

---

तिरफळ

घारीने तारे घेतली की शिओ?

---

रानजाई

तारे. पार्सल नेली. निशिकासाईकरांचा सल्ला तिने वाचला असणार.

---

गवती चहा | शुक्रवार, रात्री

हाकोदातेहून रिपोर्ट. शिनकानसेनने (बुलेट ट्रेनने) चार तास, मग लहान गाडी. बाहेर बोचरी थंडी, सासूबाईंच्या अंगावर दोन स्वेटर आणि माझी शाल. इथे एका स्थानिक दुकानात ‘याकितोरी बेंतो’ मिळाला. कागदावर खुणा करून द्यायच्या, मग ते समोर भाजतात. डब्यात भात, त्यावर नोरी (समुद्री शेवाळाचा पापुद्रा), त्यावर तीन काड्या. डब्याच्या कडेला खाच आहे, काडी तिच्यात ठेवायची, झाकण दाबायचं आणि काडी ओढून काढायची. मांस भातावर, काडी हातात. पोराने तिन्ही डब्यांच्या काड्या ओढल्या.

गाडीत बसूनच खाल्लं, अजिबात गार झालं नाही. आणि इथली कोंबडी किती मऊ, किती रसाळ! तोक्योपेक्षा कितीतरी छान. नवऱ्याने अर्धा माझाही डबा संपवला. ही कुठल्या जातीची कोंबडी असेल, कुणाला माहीत आहे का?

---

पाटावरवंटा

ताई. बसून वाचा.

ती कोंबडी नाही. डुक्कर आहे.

---

शिळोप्या

*पॉपकॉर्न घेऊन बसलो*

---

पाटावरवंटा

घाबरू नका, फसवणूक नाही. दक्षिण होक्काइदोत, म्हणजे तुम्ही आहात त्या भागात, ‘याकितोरी’ म्हणजे डुकराचंच मांस, हे तिथे शेंबडं पोरही सांगेल. त्याच भागात मुरोरान हे पोलादाचं शहर आहे. तिथली याकितोरी म्हणजे डुकराचं मांस, मध्ये नेगीऐवजी साधा कांदा (होक्काइदोत कांदा उदंड) आणि वरून मोहरीची तिखट पेस्ट. त्यामागची गोष्ट अशी सांगतात की युद्धाच्या काळात कातडी लष्करी बुटांसाठी हवी म्हणून डुक्करपालनाला उत्तेजन दिलं गेलं, मग आतडी आणि मांस शेगडीवर आलं, कारखान्यातल्या कामगारांना परवडलं. नाव मात्र जुनंच राहिलं.

जपानात ‘याकितोरीची सात गावं’ मिरवतात: बिबाइ, मुरोरान, फुकुशिमा, हिगाशीमात्सुयामा, इमाबारी, नागातो, कुरुमे. प्रत्येकाची तऱ्हा निराळी. हिगाशीमात्सुयामाला डुकराच्या डोक्याचं मांस आणि तिखट मिसो. बिबाइला एकाच काडीवर कोंबडीचं काळीज, हृदय, कातडी असं सगळं खानदान. नागातोला वरून लसणाची पूड. इमाबारीत तर काडीच नाही! लोखंडी तव्यावर कातडी टाकतात आणि वरून जड लोखंडाने दाबतात. कुरुमेला डुकराच्या आतड्याला ‘दारुमु’ म्हणतात, तो जर्मन ‘दार्म’ शब्द आहे. वैद्यकीय शाळेतल्या पोरांनी आणला म्हणतात. ‘स्थानिक याकितोरी’ खायची तर आधी गाव विचारावं लागतं, ते असं.

---

बोरूबहाद्दर

पण नावात ‘तोरी’ म्हणजे पक्षी आहे ना? मग डुकराला पक्षी म्हणणं कसलं प्रामाणिकपण? निदान पाटीवर तरी लिहा.

---

तिरफळ

बोंबलाला बॉम्बे डक म्हणून जगाला विकणाऱ्या मुंबईच्या माणसाने हे बोलू नये.

---

कोकमसार

आणि कोंबडी-वड्यातल्या वड्यात कोंबडी कुठे असते? एका मालवणाबाहेरच्या पाहुण्याने आमच्याकडे वडे फोडून फोडून शोधली होती.

---

निशिकासाईकर

लिहितातही. पक्ष्याचं चित्राक्षर वापरलं असेल तर शक्यतो कोंबडीच. नुसत्या हिरागाना या उच्चारी लिपीत ‘याकितोरी’ लिहिलं असेल तर काहीही असू शकतं. हा कायदा नाही, रिवाज आहे. पथ्य असणाऱ्यांनी “बुता?” (डुक्कर) एवढं विचारावं. तोक्योत डुकराच्या काड्यांना सरळ ‘याकितोन’ म्हणतात, तिथे घोटाळा नाही.

---

गवती चहा

वाचलं. तीनदा वाचलं. नवऱ्याला दाखवलं.

हा माणूस लग्नानंतर चार वेळा गोव्याला गेला, सॉरपोतेलच्या (डुकराच्या मांसाच्या रश्श्याच्या) वासालाही उभा राहिला नाही. “आमच्या घरात चालत नाही.” आता पाच मिनिटं खिडकीतून बर्फाकडे बघत बसला. मग म्हणाला, “उद्या ते दुकान किती वाजता उघडतं?”

सासूबाईंना सांगितलेलं नाही. मुलाला सांगितलंय, त्यामुळे त्यांना कळायला किती वेळ लागेल ते बघायचं.

---

डॉ. खलबत्ता

डुक्करही आतपर्यंत शिजलेलं हवं. बाकी अभिनंदन.

---

दुधगंगा

पूर्ण धागा वाचला, वाचनखूण साठवली. फेब्रुवारीत जातोय. पण धागाकर्तीच्या मूळ प्रश्नाचं काय झालं? पार्सल की तिथेच?

---

गवती चहा | मंगळवार

परत तोक्योत, उद्या निघतोय. मूळ प्रश्नाचा प्रयोग आज केला.

त्याच कोंबडीवाल्याकडे गेले. काकांनी ओळखलं. या वेळी मीच आधी म्हटलं: “कावा, शिओ, निहोन.” दोन काड्या तिथेच, खिडकीला पाठ टेकून. नवऱ्याला एक, मला एक. वरून टचकन मोडणारी, आत चरबी, मीठ, धूर. ट्यूब नाही हो, चिवड्यातल्या खोबऱ्याच्या कापासारखी कुरकुरीत! बोरूबहाद्दर, तुमचा तो ‘क्षण’ मला मिळाला. पण तेवढ्यात काका आमच्या पार्सलच्या चार नेगिमा आणि चार त्सुकुने भाजत होते. तारे, मोचिकाएरी, रोप्पोन नाही, हाप्पोन (हे रात्री पाठ केलं). पुडीचं तोंड उघडं ठेवून सात मिनिटांत खोलीवर. पोराने पाच खाल्ल्या, पलंगावर बसून, मोज्यांसकट. बारमध्ये त्याने हे केलं नसतं आणि मी करू दिलं नसतं.

एकच शंका. खिडकीबाहेर उभं राहून खाल्लेल्या त्या दोन कावांवर कर १० टक्के की ८?

---

निशिकासाईकर

८. दुकानाने बसायची-उभं राहायची सोय केलेली नसेल तर ते नेण्यातच धरतात. भिंत फुकट.

---

बोरूबहाद्दर

कावा तिथे खाल्लीत, मी जिंकलो.

---

पाटावरवंटा

आठ काड्या घरी नेल्या. ८-२.

---

रानजाई

त्या सगळ्या काड्यांचं काय केलंत? हॉटेलच्या कचऱ्याच्या पातळ पिशवीत टाकल्या तर भोकं पडतात. मी अर्ध्या मोडून पुडीत गुंडाळून टाकते.

---

गवती चहा

आता बॅग भरताना कळलं. बाथरूममधल्या टॉवेलवर एकवीस काड्या ओळीने वाळत घातल्या आहेत, साबणाने धुतलेल्या. सासूबाई म्हणाल्या, “चांगल्या बांबूच्या आहेत, गच्चीतल्या मिरच्यांना आधार होईल. कशाच्या होत्या ते सांगू नकोस, मला माहितीये.”